पाटीवर कुणाचं नाव?

कुठल्याही प्रदर्शनात एकदा चित्रांकडे पाठ करून उभं राहा आणि लोकांकडे बघा. येणारा माणूस आधी पाटीकडे वाकतो, नाव-साल-माध्यम वाचतो, मग मान वर करून चित्रावर नजर टाकतो, फोटो काढतो आणि पुढच्या पाटीकडे सरकतो. जाणकार मंडळी यावर हमखास नाक मुरडतात. चित्र वाचायचं नसतं, बघायचं असतं, असं सांगतात. मला पाटी वाचणाऱ्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. अनोळखी घरी गेलो की बेल वाजवण्याआधी आपण दारावरचं नाव वाचतोच. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. त्या पाटीवर लिहिलेलं काय असतं?

मुंबईतल्या संग्रहालयांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात एक तर इमारतीचं कौतुक असतं, नाहीतर 'शनिवार-रविवारी कुठे जाल' छापाची यादी असते. पाट्यांबद्दल कुणी लिहीत नाही. खरं तर वस्तूवर लिहिलेली पहिली समीक्षा म्हणजे तिची पाटी. वीस-तीस शब्दांत काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. लाखो लोक तेवढंच वाचून घरी जातात. एवढा मोठा वाचकवर्ग असलेल्या लेखनाची समीक्षा व्हायला नको?

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी भायखळ्यापासून काळा घोड्यापर्यंत फक्त पाट्या वाचत गेले. बरोबर मावशी होती. मावशी लालबागची. लग्न होऊन चाळीत आली ती तिथलीच झाली. तिचे सासरे गिरणीत, काका गिरणीत, दोघंही साचाखात्यात. १९८२ च्या संपानंतर काकांना परत बोलावणं आलंच नाही. मावशी राणीबागेत असंख्य वेळा गेलेली आहे, आधी मुलांना घेऊन, नंतर नातवंडांना घेऊन. पण बागेच्या दाराशीच असलेल्या संग्रहालयात ती सत्तरीला पोचेपर्यंत एकदाही गेली नव्हती. का, असं विचारलं तर म्हणाली, "ते आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही गं."

तिकीट सगळ्यांना मिळतं. दरवाजा सगळ्यांना उघडा असतो. तरी पन्नास वर्षं एखादीला असं वाटत राहतं, तर त्याचं कारण दरवाजापेक्षा आत कुठेतरी असणार.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' होतं. ते उभं राहावं म्हणून खटपट करणाऱ्यांत जॉर्ज बर्डवुड होते, नाना शंकरशेट होते आणि भाऊ दाजी होते. भाऊ दाजी म्हणजे गोव्यातल्या मांद्र्याचा मुलगा. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडला आणि रोगी तपासता तपासता शिलालेखही वाचत राहिला. त्यांचं नाव इमारतीला मिळालं १९७५ साली. म्हणजे दारावरची पाटी बदलायलाच शंभरावर वर्षं लागली.

या परिसरात पाट्यांची गंमत आधीच सुरू होते. बाहेरच्या बागेत दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, पुढे तुकडे जोडून १९१४ साली पुन्हा उभा केला. हत्ती भायखळ्यात आणि त्याचं नाव समुद्रात. काळ्या घोड्याचंही तेच. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा घोड्यावरचा पुतळा १८७९ मध्ये फोर्टात बसवला होता. तो १९६५ साली हलवून राणीबागेत आणला. तिकडे चौकाला नाव उरलं, घोडा इकडे आला. संग्रहालयाच्या आवारात फोर्टातून हलवलेले आणखीही पुतळे आहेत, त्यांत नाक तुटलेली व्हिक्टोरिया राणी आहे. मावशी तिच्यापुढे जरा वेळ थांबली. "हिला इथं आणून ठेवलीय होय," एवढंच म्हणाली. शेजारच्या बाईला म्हातारपणी मुलानं गावी नेऊन ठेवावं आणि आपल्याला ते आत्ता कळावं, असा तिचा सूर होता.

आतली इमारत बघून कुणीही दबतं. ओतीव लोखंडाचे खांब, हिरवा आणि सोनेरी रंग, मध्यभागी संगमरवरी अल्बर्ट. २००३ ते २००८ या काळात तिची जी दुरुस्ती झाली ती खरोखर नमुनेदार आहे. युनेस्कोनं २००५ साली तिला आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-पुरस्कार दिला तो उगाच नाही. नंतरच्या काळात जितीश कल्लाट, एल. एन. तल्लूर अशा आजच्या कलावंतांना बोलावून जुन्या कपाटांमध्ये नवं काम मांडायला लावलं, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. जुनं संग्रहालय स्वतःच्याच संग्रहाला प्रश्न विचारतंय, असं चित्र आपल्याकडे क्वचित दिसतं.

आम्ही मात्र सगळ्यात जास्त वेळ थांबलो वरच्या मजल्यावर, मातीच्या छोट्या बाहुल्यांपाशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बर्न्स नावाचे क्युरेटर होते त्या सुमारास, मुंबईतल्या माणसांचे हे नमुने तयार झाले. वीतभर उंचीची माणसं. कुणी विकतंय, कुणी वाहतंय, कुणी नुसतंच उभं आहे. कारागिरी इतकी बारीक की लुगड्याची चुणी न् चुणी मोजावी. पाटीवर जात असते किंवा धंदा असतो. मावशीनं चष्मा वर केला आणि काचेला नाक लावलं. "हा कासोटा कोळणीचा. आमच्यात असा नाही घालत, आमच्यात निऱ्या खाली सोडतात." मग दुसरीकडे सरकली. "ह्या बाप्याची पाठ बघ. ओझी वाहून वाहून झालेली पाठ आहे." आणि मग, जणू कुणाच्या घरी पाहुणे आलेत आणि ओळख करून द्यायची राहिलीय, तसं तिनं विचारलं, "ह्याचं नाव काय असेल गं?"

पाटीवर नाव नव्हतं. असणारच नव्हतं. कारण ही माणसं नावासाठी घडवलेलीच नाहीत. ज्या काळानं ती घडवली त्या काळात माणसांची वर्गवारी करायचा सरकारी छंद होता. १८६८ ते १८७५ या वर्षांत 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले, जाती-जमातींचे फोटो लावलेले. त्या खंडांत काय आणि या कपाटांत काय, एक माणूस म्हणजे त्याच्यासारख्या सगळ्यांचा नमुना. फुलपाखराला टाचणी लावून खाली जातीचं नाव लिहितात, त्यातलाच हा प्रकार. टाचणी तेवढी दिसत नाही.

पण या बाहुल्यांत एक गोष्ट त्या खंडांपेक्षा वेगळी आहे आणि ती मला पाटीनं नाही, मावशीनं दाखवली. ज्यानं ती पाठ घडवली त्याला ओझ्यानं वाकलेली पाठ ठाऊक होती. ती बघितल्याशिवाय बोटांतून उतरत नाही. क्युरेटरला हवा होता हमालाचा नमुना. घडवणाऱ्यानं त्यात एक हमाल बसवला. तो घडवणारा कोण? क्युरेटरचं नाव इतिहासात आहे, कारागिराचं नाही. म्हणजे काचेच्या आत एक बिननावाचा आणि काचेच्या मागे दुसरा बिननावाचा, आणि दोघांच्या मध्ये एकमेकांची नीट ओळख. आजचं संग्रहालय या बाहुल्यांकडे वसाहतकाळाची कागदपत्रं म्हणून बघायला शिकवतं, ते योग्यच आहे. मला त्यात आणखी दोन ओळी हव्या आहेत. 'घडवणाऱ्याची नोंद ठेवली गेली नाही. समोर कोण बसलं होतं याचीही नाही.' एवढंच. नाव नसणं ही काही निसर्गाची व्यवस्था नसते. कुणीतरी ते लिहिलेलं नसतं. ते न लिहिणंही इतिहासच आहे, आणि तो पाटीवर यायला हवा.

भायखळ्याहून गाडी पकडून सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टातून चालत निघालो. हुतात्मा चौकात मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार आहेत, आणि त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढणारे आम्ही सगळे आहोत. पुढे काळा घोड्याला २०१७ साली नवा घोडा बसवलाय. त्याच्यावर स्वार नाही. ही कल्पना मला आवडते. राजा उतरला, घोडा राहिला. फक्त या घोड्याला काही इतिहास आहे हे कळायला तुम्हाला मोबाइल काढावा लागतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे पाट्यांच्या बाबतीत शहरातलं सगळ्यात श्रीमंत ठिकाण. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ ला, युवराजाच्या हस्ते. तोच पुढे पाचवा जॉर्ज झाला. संग्रहालय लोकांसाठी उघडलं १० जानेवारी १९२२ ला. वास्तुकार जॉर्ज विटेट. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड, वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट. विटेटचं नाव या भागात फिरताना सारखं भेटतं. गेटवे त्याचा, समोरचं कावसजी जहांगीर सभागृह त्याचं. कुर्ल्याचा दगड कुणी फोडला, कुणी घडवला, हे कुठे भेटत नाही.

आत गेलात की दात्यांची नावं भेटतात. सर रतन टाटा, सर दोराब टाटा, कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला. ही नावं असायलाच हवीत. या लोकांनी गोळा करून दिलं नसतं तर त्यातलं कितीतरी आज परदेशी लिलावघरांच्या कॅटलॉगमध्ये बघावं लागलं असतं. पण दोन-तीन दालनं अशी वाचत गेलात तर एक विचित्र भाषा कानात बसते. वस्तू कुणाकडे होती, कुणी दिली, कधी दिली, हे नीट कळतं. ती घडवायला किती दिवस लागले, कुणी घडवली, त्याला काय मिळालं, हे विचारायचं असतं हेच आपण विसरतो. मालकीचा इतिहास कळतो आणि कामाचा गळतो. हे याच एका संग्रहालयाचं नाही, जगभरातल्या संग्रहालयांचं व्याकरण असंच आहे. लंडनला गेलात तरी 'अमुक यांच्याकडून भेट' हेच वाचाल.

यावर एक तयार उत्तर असतं, आणि ते आपल्याकडे फार लाडकं आहे. भारतीय परंपरेत कलावंत अनामच असायचा म्हणे. त्याला अहंकार नव्हता, तो आपली कला देवाला वाहायचा. ऐकायला किती छान! आणि सोयीचंही. ज्याचं नाव लिहिलं नाही त्याला ते नकोच होतं, असं म्हटलं की न लिहिणाऱ्याला झोप लागते.

हे उत्तर किती तकलादू आहे ते बघायला फार लांब जावं लागत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याचं चैत्यगृह आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही गेला असाल, एकवीरेचं दर्शन घेतलं असेल. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये दान देणाऱ्या यवनांची, भिक्षुणींची, गंध विकणाऱ्याची नावं आहेत, आणि एका सुताराचंही आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी, यानं दाराचं काम केलं, असं तो दगड सांगतो. लेखात सुताराला जो प्राकृत शब्द वापरलाय त्याचाच वंशज 'वाढई', विदर्भात आजही सुताराला म्हणतात तो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्याच डोंगरात, सुतारानं बापाच्या नावासकट आपलं नाव कोरून ठेवलंय. याला अनाम राहायची हौस होती असं मला तरी वाटत नाही.

दुसरं उदाहरण तर थेट या संग्रहालयातल्या काचेपाशी नेतं. इथे अकबराच्या काळातली 'अन्वार-इ-सुहैली'ची पोथी आहे. आपल्या पंचतंत्राच्या गोष्टी फिरत फिरत फारसीत गेल्या, त्यांचं हे रूप. अकबराच्या चित्रशाळेतल्या अनेक पोथ्यांमध्ये चित्राखालच्या समासात कारकून बारीक अक्षरात लिहून ठेवत, की आखणी अमक्याची, रंगकाम तमक्याचं. कधी चेहरा तिसऱ्याचा. दसवंत नावाचा जो मोठा चित्रकार या शाळेत होऊन गेला तो पालखी वाहणाऱ्याचा मुलगा, हे आपल्याला ठाऊक आहे कारण अबुल फझलनं ते 'आईन-इ-अकबरी'त लिहिलं. सोळाव्या शतकातला दरबारी कारकून जे करत होता, ते विसाव्या शतकातल्या क्युरेटरला जमलं नाही. म्हणून 'परंपराच तशी' हे मला पटत नाही.

मावशीला या सगळ्यात रस नव्हता. तिला मीरपूर खासची मातीची शिल्पं आवडली. सिंधमधल्या स्तूपाची ही शिल्पं, १९०९-१० च्या उत्खननात मिळालेली. त्यात हातात कमळ घेतलेला एक पुरुष आहे, कुरळ्या केसांचा, अंगावर जुन्या रंगाच्या खुणा असलेला. बहुधा स्तूपाला दान देणारा. "हा पण देणाराच का?" मावशीनं विचारलं. सकाळपासून मी जी बडबड करत होते ती तिनं तेवढ्या चार शब्दांत गुंडाळून मला परत दिली. मग म्हणाली, "पण भाजलाय छान. तडा नाही गेला बघ." पंधराशे वर्षं जुन्या मातीबद्दल यापेक्षा नेमकी दाद मी कुठल्याच पाटीवर वाचलेली नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी तिथून दोन मिनिटांवर, त्याच आवाराला लागून. इथे सगळं उलटं. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ही गॅलरी झाली. के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी तिचा आग्रह धरला होता. प्रवेश फुकट, आणि चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला. इथे नावाला तोटा नाही. नाव दारावर, नाव कॅटलॉगवर, नाव चित्राच्या कोपऱ्यात. गायब असतं ते बाकीचं सगळं. चित्राखाली 'अनटायटल्ड', पुढे माध्यम आणि इंच.

'अनटायटल्ड'बद्दल माझा राग आहे, पण सगळ्यांवर नाही. वासुदेव गायतोंडे यांचं चित्र बिनशीर्षकाचं असतं तेव्हा ते समजतं. त्या रंगाच्या थरांना शब्द चिकटवणं म्हणजे धुक्याला खिळा मारणं. २०१३ साली मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक बिनशीर्षक चित्र २३.७ कोटींना गेलं. तेव्हापासून मला शंका आहे की शीर्षक नसणं हे गांभीर्याचं बोधचिन्ह झालंय. बनारसचा घाट काढायचा, पायऱ्यांवर छत्री काढायची, साधू काढायचा, आणि खाली लिहायचं 'अनटायटल्ड'. अहो, घाट आहे तो! सरळ 'घाट' म्हणा. राजस्थानी बाई, बैल, गणपती, घाट. या चार गोष्टींवर गॅलऱ्यांच्या कितीतरी भिंती चालतात, आणि त्याचा दोष मी फक्त चित्रकाराला देणार नाही. गावाकडून आलेल्या माणसानं वर्षानुवर्षं तारखेची वाट बघायची, आठवड्याभराचं भाडं भरायचं, चित्रं आणायची-न्यायची, त्याला घाट विकावाच लागतो. पण समीक्षकानं घाटाला घाट म्हणायला काय हरकत आहे?

याहून वाईट असते ती भिंतीवरची टिपण. हल्ली काही ठिकाणी ती मराठीतही लावतात आणि ती वाचणं ही शिक्षा असते. काळा घोड्याच्या आसपासच्या एका खासगी गॅलरीत त्या दिवशी जे वाचलं ते साधारण या वळणाचं होतं, की कलाकाराची साधना अवकाश आणि स्मृती यांच्यातील संवादाला प्रश्नांकित करते. (हे वाक्य मी बनवलंय. पण ओळखीचं वाटलं ना?) मावशी चौथी ओळ वाचून थांबली आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं आपल्यालाच कळत नाहीये. पन्नास वर्षं 'आपल्यासाठी नाही' वाटायचं कारण मला तिथे एकदम लख्ख दिसलं. ती सकाळी हमालाच्या पाठीवरून त्याचा धंदा ओळखत होती, दुपारी मातीच्या भट्टीबद्दल बोलत होती. बघायला येत नव्हतं असं काहीच नव्हतं. तिला गप्प केलं ते तिच्याच भाषेतल्या एका परिच्छेदानं.

आणि मराठीला हे लिहिता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. धुरंधरांनी १९४० साली 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' लिहिलं. जे. जे. स्कूलच्या आतल्या गोष्टी इतक्या मोकळेपणानं कुणी सांगितल्या नसतील. प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' १९९० चं. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, धागा आणि रंग यांच्यात रोज बसत होते, आणि अमूर्त चित्रासारख्या निसरड्या विषयावर त्यांनी असं मराठी लिहिलं की रिकाम्या कॅनव्हासपुढे बसलेल्या माणसाची धडधड आपल्याला ऐकू येते. सतीश नाईक यांचं 'चिन्ह' याच कामासाठी चालत आलं. एवढी शिदोरी घरात असताना भिंतीवर लावायला आपण इंग्रजीतून उसनं पीठ आणतो, आणि तेही नीट चाळत नाही.

गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात. तिथे पाटी नसते, चित्राशेजारी माणूसच बसलेला असतो. मावशीनं दिवसभरात जेवढे प्रश्न विचारले नाहीत तेवढे तिथे एका चित्रकाराला विचारले. कुठला? सोलापूरकडचा. किती दिवस लागले? तीन. पुसलं जातं का? नाही. सोलापूर म्हटल्यावर गिरण्या निघाल्या, गिरण्या निघाल्यावर चादरी निघाल्या. चित्र मात्र तिनं घेतलं नाही. "चेहरा गोड केलाय उगाच," असं मला नंतर हळूच सांगितलं. मला ते चित्र बरं वाटलं होतं. पण तिचं म्हणणं ऐकल्यावर पुन्हा बघितलं, तर खरंच उगाच गोड केला होता.

रस्ता ओलांडून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ चं कावसजी जहांगीर सभागृह, १९९६ पासून कलादालन. जिने चढत चढत घुमटापर्यंत जायची त्याची रचना मला शहरातली सगळ्यात सुंदर वाटते, पण तोवर मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. आम्ही बाहेरच बसलो आणि मी तिला तिथल्या दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली ८ फेब्रुवारी २०१९ ची. बरव्यांच्याच सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि संस्थेच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल, निर्णय आता दिल्लीतून होणार असल्याबद्दल बोलू लागले. त्यांना मध्येच थांबवलं गेलं. बरव्यांबद्दल बोला, असं सांगण्यात आलं. भिंतीवर काय लागणार हे कोण ठरवतं, हा प्रश्न बरव्यांच्या प्रदर्शनात गैरलागू कसा, ते मला अजून कळलेलं नाही. पाटीवर कारागिराचं नाव नसतं, आणि निर्णयावर निर्णय घेणाऱ्याचं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षाच्या अखेरीची. सुधीर पटवर्धन यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन तिथे लागलं होतं. पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसा लोकांच्या हाडांचे फोटो काढायचे आणि मग त्याच लोकांची चित्रं. लोकलमधली, नाल्याकाठची, बांधकामावरची, हॉटेलातली माणसं. मी तेव्हा जिना चढत एकेका मजल्यावर थांबत गेले होते, आणि वर पोचेपर्यंत असं झालं होतं की खाली उतरून चर्चगेटला चालत जाताना समोरून येणारा प्रत्येक जण मला नीट दिसत होता. त्यांच्या चित्रातल्या माणसांनाही नावं नसतात. भायखळ्याच्या बाहुल्यांना नाहीत, तशीच. तरी ही माणसं नमुना वाटत नाहीत. पटवर्धनांचा कामगार हा 'कामगार' शब्दापेक्षा नेहमी थोडा जास्त असतो. त्याच्या पोटाला, खांद्याला, थकव्याला स्वतःचं वजन असतं. म्हणजे नुसतं नाव लिहून भागत नाही हेही खरं. बघणाऱ्यानं आधी माणूस बघितलेला असावा लागतो. भायखळ्याच्या त्या कारागिरानं तो बघितला होता. म्हणून तर त्याचं नाव नसणं जास्त टोचतं.

मोबाइलवर मी तिला पटवर्धनांचं 'इराणी रेस्टॉरंट' दाखवलं. १९७७ चं. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस. मावशीनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, चेहऱ्यावर गेली, हातावर आली, परत चेहऱ्यावर गेली. छोट्या पडद्यावर चित्र बघू नये म्हणतात. तिच्याइतका वेळ त्या चित्रापुढे मी प्रदर्शनातही उभी नव्हते.

"हा दुसऱ्या पाळीचा," ती म्हणाली. "लगेच घरी जायचं नाहीये त्याला."

मी विचारलं, कशावरून? "ह्यांना बघितलंय ना मी," एवढं बोलून तिनं मोबाइल परत दिला. संपानंतरच्या वर्षांबद्दल ती कधी बोलत नाही. त्या दिवशीही त्यापुढे बोलली नाही.

जायचं असेल तर बुधवार आणि सोमवार टाळा. भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी. खासगी गॅलऱ्या बऱ्याचदा रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार बरा. चारही ठिकाणं एका दिवसात होत नाहीत, दोन करा. घरातलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर घ्या, पाट्या तुम्ही वाचा आणि वस्तू त्यांना वाचू द्या. मावशीला पुन्हा यायचंय, पण काळा घोड्यापर्यंत नाही. तिला त्या बाहुल्यांचं कपाट नीट बघायचंय. पहिल्या वेळी मी घाई केली, असं तिचं म्हणणं आहे.